जीप, भाविका आणि जावयाचे काळे हात

नेरूळमधल्या सारसोळ्याच्या वामन तांडेलांचा जीव दोघींवर होता. एक मुलगी भाविका, दुसरी डिझेलवरची जुनी जीप. ‘मी कितव्या नंबरावर?’ असं बायको पुतळा रोज विचारायची आणि वामनराव रोज मिशी पुसायचे.

भाविकाचा साखरपुडा उरणजवळ मोऱ्याला, मुलाकडे ठरला. जानेवारीतली सकाळ, नेरूळला न शोभणारी थंडी. पुतळा, भाविका, दोन मावश्या आणि पेढ्यांची टोपली जीपमध्ये बसली. वामनरावांनी चावी फिरवली. जीप जोरात खोकली, थरथरली आणि गप्प झाली.

“बॅटरी गेली,” समोरच्या सोसायटीतले आशुतोष बाल्कनीतून म्हणाले.

“गरगर फिरते ना? मग बॅटरी कशी जाल?” वामनराव खेकसले. त्यांनी डिझेल बघितलं, फिल्टर बघितला, जीपच्या आईबापाचा उद्धार केला. पुतळाने नारळ फोडला. जीपने धुराचा एक पांढरा भपका सोडला, बस.

शेवटी नऊवारी खोचून मावश्यांनीच धक्का दिला. वामनरावांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि जीप गर्जली. धावत्या जीपमध्ये मावश्या कशा चढल्या, ते भाविकाने मोबाइलवर टिपलं.

मोऱ्याला पोचल्यावर वामनराव इंजिन बंद करायला तयार नव्हते. अंगणात जीप धडधडत राहिली. भटजींचे मंत्र ऐकू येईनात, पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर. मुलाची आई बायजाबाई उठल्या, सरळ जीपकडे गेल्या आणि चावी काढून कनवटीला लावली.

“व्याहीबुवा, अंगठी घालाची हाय का धुरी द्याची हाय?”

वामनरावांचं तोंड उतरलं. पण मंत्र ऐकू आले, अंगठ्या घातल्या गेल्या, पंगत झाली.

जेवणानंतर नवरामुलगा तेजस सदऱ्याच्या बाह्या सारून बॉनेटमध्ये घुसला. वायरी सोडवून एकेक तपासत गेला.

“बाबा, हीटर प्लग गेलेत. थंडीत इंजिन आधी गरम करायचं काम त्यांचं. तीन मेलेत, चौथा शेवटच्या घटका मोजतोय.”

“माज्या गारीत? शक्यच नाय,” वामनराव म्हणाले, पण वाकून बघितलंच. मग तेजसच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले. बायजाबाईंनी चावी परत दिली. उन्हाने तापलेलं इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

“तूच चालव सारसोळ्यापर्यंत,” असं म्हणून वामनरावांनी ड्रायव्हरची जागा तेजसला दिली.

पुतळाने कपाळाला हात लावला. “पोरगी देताना एवढा विचार नाय केलात!”

वामनराव आयुष्यात पहिल्यांदा मागे बसले, दोन मावश्यांच्या मध्ये, चेपून. उरण सुटेपर्यंत त्यांची नजर गिअरच्या दांड्यावरच होती. मग मान पुढे काढून म्हणाले, “तिसरा टाक आता. हळू. तिला हिसका आवडत नाय.”