तेच पान दुसऱ्यांदा

नाचणगावच्या आमच्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि तो भागीरथाकाकूच वाचते. आवाज असा खणखणीत की माईकची गरज पडत नाही. तिचा नवरा हरिदास अगदी पुढच्या सतरंजीवर बसायचा आणि घरी जाताना एवढंच म्हणायचा, "बरं वाचलं आज." गेल्या हिवाळ्यात तो गेला. मुलगा धम्मदीप नागपूरला नोकरीत. तो रविवारी फोन करून गोळी घेतली का विचारतो, बस. बाकी त्या घरात कुकरच्या शिटीशिवाय कुणी बोलत नाही.

आषाढात शेजारच्या पौर्णिमानं काकूच्या वाचनाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि तो चालला. कुठली कुठली अनोळखी माणसं लिहू लागली, 'आई, किती छान वाचता.' झालं! घरात जे बंद पडलं होतं ते आता हातातच मिळू लागलं. रोज ग्रंथापुढे मोबाईल उभा राहिला. चुलीवरची भाजी करपली तरी काकू लाईक बघत बसे. लाईक कमी आले की घास उतरत नसे, आणि दुसरी एखादी बाई जास्त चालली की दिवसभर धुसफूस. लोक म्हणत, म्हातारपणी चळ लागला. मला त्यांचाच राग यायचा. तहानलेल्या बाईला कुठलं पाणी पिते म्हणून हिणवता, पण तुम्ही कधी पेलाभर पुढे केलं होतं का?

मग घोळ झालाच. एका पानावर लाईकचा पाऊस पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी काकूनं तेच पान पुन्हा वाचलं. ऐकणाऱ्या बायांत कित्येकींना अक्षरओळख नाही, पण कान पक्के. त्यांची चुळबुळ सुरू झाली. विहार समितीचा म्हातारा तानबा भरसभेत म्हणाला, "बाई, हे पान काल झालं. ग्रंथ आमच्यासाठी वाचून राह्यली का मोबाईलसाठी?"

समितीनं ठरवलं, उद्यापासून पौर्णिमा वाचेल. ते ऐकून धम्मदीप त्याच रात्री नागपूरहून धावत आला. हा आजार आहे म्हणून त्यानं आईपुढे मोबाईलसाठी हात केला.

"ने," काकू म्हणाली. "पण मंग रोज संध्याकाळी 'बरं वाचलं' म्हणायले तू येशीन का?"

त्यानं हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी काकू विहारात येऊन वाचायच्या आसनावर बसली. मोबाईल पिशवीत. वंदना झाली तरी ती उठेना. पौर्णिमा आपणहून बायांत जाऊन बसली.

"पान दोनदा वाचलं, ते चुकलंच माझं," काकू म्हणाली. "पण इतके वर्षं झाले वाचून राह्यली. तुमच्यातल्या एकानं तरी बरं वाचलं म्हटलं का मले? धम्मदीपचे बाबा गेले, आता मी कोणासाठी वाचू? आसन मी सोडत नाई."

तिनं पुढचं पान काढलं आणि वाचलं. त्या दिवशीसारखं तिनं कधीच वाचलं नव्हतं.

संपल्यावर तानबा दारात चपला शोधत होता. वर न बघता म्हणाला, "बरं वाचलं आज. पण आवाज थोडा कमी झाला."

"आवाज नाई गेला माझा, कान गेले तुमचे. उद्या पुढं बसजा."

मोबाईल अजून आहे तिच्याकडे, आणि तो तिनं सोडावा असं मी तरी म्हणणार नाही. वाचन संपेपर्यंत तो पिशवीत असतो, आणि तानबा पुढच्या सतरंजीवर, हरिदासच्या जागी.