ताईचा प्रबंध आणि मामांचा सरस

माझे मामा पुस्तकं बांधतात. बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाला ते 'दूध' म्हणतात आणि स्वतः कातडी-हाडांचा सरस वापरतात, पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून, मंद आचेवर. बांधायला आलेल्या पुस्तकाची पहिली दहा पानं वाचल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. त्यामुळे त्यांना सगळ्या विषयांतलं थोडं थोडं येतं, आणि तेवढं ते सगळ्यांना ऐकवतात.

त्या दिवशी त्यांच्या मुलीचा, म्हणजे माझ्या ताईचा, प्रबंध होता. पाच प्रती संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठात पोचल्या नाहीत तर तिचं वर्ष गेलं. तीनशे पानांत विषय एकच: उष्णतेने कोलॅजेनचं काय होतं. मामा सवयीने वाचायला बसले, इकडे ताईचा जीव टांगणीला. पहिल्याच प्रकरणात होतं, की जुन्या ग्रीक भाषेत 'कोल्ला' म्हणजे सरस. कातडी शिजवली की सरस होतो, म्हणून कातडीतल्या त्या द्रव्याला शास्त्रज्ञांनी 'सरस देणारं', कोलॅजेन, असं नाव दिलं. मामा खूश. म्हणजे आम्ही आधी आणि तुम्ही मागून, म्हणाले.

साडेतीनपर्यंत पाचही प्रती शिवून झाल्या, त्यांतल्या दोन प्रतींचे कणे सरसाने चिकटले. मामा आत पुठ्ठे कापायला गेले. ताईला धीर निघेना. तिने डबा पाण्यातून उचलला, थेट शेगडीवर ठेवला आणि आच मोठी केली. सरस खदखदा उकळला. मामांनी येऊन ब्रश बुडवला, तर नुसतं पाणी गळालं. उकळून सरसाची चिकटच गेली होती.

ते रागावले नाहीत. बाटलीतलं 'दूध' वाळायला रात्र लागते. मग त्यांनी फळीवरून झाकलेली वाटी काढली. उद्याचा सरस ते आजच भिजत घालतात. तो डब्यात ओतला, डबा पाण्यात ठेवला आणि ताईला समोर बसवलं.

"बोट घाल त्यात. चटका बसला की आच कमी."

"बाबा, साठ अंशांवर..."

"बोटाला आकडे येतात का तुझ्या?"

अर्धा तास ती मधूनमधून बोट बुडवून बघत बसली, डोळे घड्याळावर. आच एकदाही वाढवली नाही. शेवटच्या कण्यासाठी मामांनी डबा खरवडला.

पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही विद्यापीठाच्या खिडकीशी पोचलो. कारकुनाने एक कणा दाबला, वाकवला, उगाच पुन्हा दाबला. हलला नाही. शिक्का बसला.

परतल्यावर मामा डबा घासत होते. मान वर न करता ताईला म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. सवड झाली की एकदा वाच."