पत्र्यावरची शाल

काल मंदाताईंचा सत्कार होता. पाडलेल्या झोपड्यांचे पत्रे वाजवत त्या आयुष्यभर स्वतःच्या कविता म्हणत आल्या, मैफलीतही आणि मोर्चातही. अध्यक्षांनी खांद्यावर घातलेली शाल ताईंनी काढली आणि शेजारी टांगलेल्या पत्र्यावर पांघरली. वाद्याचा केवढा हा मान, असं वाटून आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी पत्र्यावर हातोडी मारली. नुसतं थप्प झालं.

"ऐकलंत?" ताई म्हणाल्या. "आता शेजाऱ्याचीसुद्धा झोप मोडायची नाही."

शाल घडी करून त्यांनी परत दिली.

सकाळपासून ते थप्प माझ्या कानातून जात नाही. मीही लिहितो. माझ्या कपाटात शालींची चळत आहे, आणि कित्येक वर्षांत माझ्यावर कुणी चिडलेलं नाही.