पूर्णगड, ऐकताय का? ओव्हर!

सहा वर्षं रेडिओवर बसलं की स्वतःच्या घरापेक्षा दुसऱ्यांच्या घरातलंच जास्त कानावर पडतं. असे किस्से मग साठत जातात. आता विषय काढलातच, तर सांगते. हसू येईल तिथे हसा. मला सगळीकडे येत नाही.

मी रत्नागिरीत एका मच्छीमार सोसायटीच्या रेडिओ रूममध्ये होते. रूममध्ये आम्ही दोघंच, मी आणि हुसेनचाचा. चाचांची उभी हयात परदेशी जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून गेलेली. दोन हजार पाचच्या सुमारास सोसायटीने नवं सॉफ्टवेअर घेतलं. पूर्णगडच्या उंच सड्यावर एक अँटेना, गुहागरला एक. बोटींचा आवाज तिथून इंटरनेटवरून थेट आमच्या कॉम्प्युटरवर! ते बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला.

"चाचा, आता जुना सेट विसरा. स्पेसबार दाबा आणि बोला, सोडा आणि ऐका. बस्स!"

"आणि वादळात?"

"वादळात काय?"

"वादळात तुझं इंटरनेट येतं काय रे?"

इंजिनिअरने बॅग उघडली, पुन्हा बंद केली आणि म्हणाला, "जुना सेट राहू दे कोपऱ्यात!"

*

एकदा दुपारी माझा जेवणाचा डबा चुकून कीबोर्डवर टेकला. नेमका स्पेसबारवर! आम्हाला पत्ताच नाही. चाचा मला सांगत होते, "चार महिने झाले बाय, कुवेतवरून पोराचा फोन नाय. त्याची आई रोज विचारते. मी खोटंच सांगतो, ऑफिसात आला होता म्हणून."

मी डबा उचलला आणि स्पीकर खरखरला. समुद्रावरून एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, बोलत होता. "चाचा, आमचा मेव्हणा कुवेतलाच हाय. पोराचा पत्ता द्या, बघून यायला सांगतो. ओव्हर!"

मागोमाग दुसरी बोट. "आमचा भाऊ पण हाय तिथे. ओव्हर!"

चाचा पार लाजले. आठव्या दिवशी पोराचा फोन आला, खरंच ऑफिसात. बोलणं झाल्यावर चाचांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "चाचीला आता काय नवीन सांगू? तिला तर वाटतं, तो दर आठवड्याला करतो!"

*

रेडिओवर मृत्यूची बातमी द्यायची नाही, असा आमचा नियम होता. सगळ्या बोटी ऐकत असतात ना! म्हणून फक्त म्हणायचं, "घरी या." त्याचा अर्थ समुद्रावर सगळ्यांना ठाऊक.

एका बाईंचा फोन आला. "आमच्या ह्यांना घरी या म्हणून सांगा." मी सांगितलं. तो माणूस जाळी अर्धवट ओढून निघाला. वाटेत दोन बोटी त्याच्या सोबतीला आल्या. धक्क्यावरून तो रडतच घरी धावला, तर ओटीवर पाहुणे कांदेपोहे खात बसलेले! मुलीला बघायला आले होते.

म्हणे, तो पायरीवरच बसला आणि बायकोला म्हणाला, "सगळी जिवंत हायत ना? एकेकाला बाहेर आण. मला बघू दे."

त्या दिवसापासून मी निरोप दिला की पुढे जोडायची, "सगळे सुखरूप." पण ज्या दिवशी ते जोडता यायचं नाही, त्या दिवशी स्पेसबारवरचं बोट माझ्याने उचलवायचं नाही; उचललं की पलीकडचं ऐकावं लागणार.

*

शेवटचं सांगते.

रोज सकाळी दहाला आम्ही बोटींची हजेरी घ्यायचो. नाव घेतलं की बोटीवरून "हजर" यायचं, आणि स्क्रीनवर त्या नावापुढे हिरवा ठिपका पेटायचा. पूर्णगडच्या जेटीवर सोसायटीने कर्णा आणि बोलायचा एक सेट ठेवला होता; जेटीचंही नाव स्क्रीनवर होतं. बायका तिथे उभ्या राहून हजेरी ऐकायच्या.

एका वर्षी गणपती गेल्यावर अचानक वारं उठलं. बाकी बोटी परतल्या, दत्ताराम तांडेलची 'भाग्यलक्ष्मी' आली नाही. बोटीवर चार माणसं. शोध थांबला, तरी चाचा रोज नाव घेत राहिले. मग इंजिनिअरचा फोन आला. "बंद पडलेली नावं काढून टाका, सिस्टिम स्लो होते." मी ते नाव काढलं. दुसऱ्या सकाळी यादी मीच वाचली, त्या नावाशिवाय.

त्याच दुपारी दत्तारामची बायको सुनंदा पूर्णगडहून एसटीने रत्नागिरीला आली. दारातच उभी राहिली.

"आज आमचं नाव नाय घेतलंस, बाय."

चाचांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने ते नाव पुन्हा टाइप केलं.

दुसऱ्या दिवसापासून चाचा 'भाग्यलक्ष्मी' म्हणायचे आणि थांबायचे. तेवढ्या वेळात एकही बोट मध्ये बोलत नसे. मग पुढचं नाव.

असं दीड महिना चाललं. एका सकाळी चाचा म्हणाले, "भाग्यलक्ष्मी." आणि थांबले.

स्पीकर खरखरला.

"हजर."

बाईचा आवाज. स्क्रीनवर ठिपका पेटला होता तो पूर्णगड जेटीच्या नावापुढे.

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्पेसबार दाबला.

"भाग्यलक्ष्मी हजर. नोंद केली. ओव्हर."