बढतीचे पेढे

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अस्मादिक अखेर प्राध्यापक झाले! विद्यापीठाच्या आस्थापना विभागात, जिथे आमच्या बढत्या शिजतात, पहिला पेढा ठेवायची रीत आहे. तिथल्या सावंतबाई वर्षभर माझ्या फायलीत दर आठवड्याला एखादा कागद कमी असल्याचं शोधून काढायच्या, बोलावून घ्यायच्या आणि चहा मागवून विचारायच्या, "सर, जेवलात का?" घरी हे विचारणारं आता कुणी नाही. माणसाचं काही अपुरं असलं, की त्याला कुणीतरी बोलावत राहतं.

पेढा खात बाईंनी फायलीची नाडी आवळली. "सुटलात, सर. आता इकडे खेटे नकोत."

मी हसत दारापर्यंत गेलो आणि तोंडातून निघूनच गेलं, "बाई, नीट बघा ना, एखादा कागद कमी असेल."