कुवेत सोपं, सेनगाव अवघड

शाळेत दोनच गोष्टी जमा होत राहतात, तुटकी बाकं आणि किस्से. बाकं निदान उन्हाळ्यात भंगारात जातात. किस्से मात्र आमच्या स्टाफरूममधून हलत नाहीत. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात आला की कोणीतरी एक काढतो, आणि मग पुढची घंटा कोणालाच ऐकू येत नाही.

यातले निम्मे किस्से एकट्या बिजू सरांचे. सर केरळचे. सेनगावच्या आमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत गणित शिकवायला आले. मराठी शून्य, हिंदी कामापुरती. आल्यापासून लायब्ररीत खाट टाकून झोपायचे. एक दिवस डबा खाता खाता मला म्हणाले, "राठोड सर, एक तारीख तक घर चाहिए. नहीं तो रीना कुवेत जाएगी!"

रीना म्हणजे बायको. नर्स. लग्नाला तीन महिने झालेले, त्यातले अडीच फोनवर. कुवेतच्या नोकरीचं पत्र तिच्या हातात होतं. तिचं म्हणणं सरळ होतं, कुवेतवाले पहिल्याच दिवशी खोलीची किल्ली देतात. सेनगावात नवऱ्याला एक खोली मिळत नसेल तर मी येऊन राहू कुठं? लायब्ररीत?

हातात बावीस दिवस होते. मी मराठी शिकवतो, जवळच्याच तांड्यावरचा. म्हणून दुभाषा मीच.

*

पहिलं घर कदम मामांचं. मामांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि सुरू झाले.

"गाव कोनतं? पाव्हणे कुठं कुठं हायत?"

आमच्याकडे माणूस असाच तपासतात. चार गावं, चार आडनावं काढली की कुठंतरी मामेसासऱ्याचा साडू निघतो आणि काम होतं. बिजू सरांनी इमानदारीत सगळे नातेवाईक सांगितले. कोट्टायम, दुबई, दोहा, एक मेलबर्न. मामांनी डोळे मिटून विचार केला.

"कळमनुरीकडं कोनीच न्हाई?"

"मामा, मी वळखतो की सरांना!" मी म्हणालो.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "व्हय. पण तुमाला कोन वळखतंय?"

त्यांच्या मुलीला मी तीन वर्षं मराठी शिकवलंय! राग आला, खोटं कशाला सांगू. बारा वर्षांपूर्वी तांड्यावरून इथं आलो तेव्हा मलाही खोली मिळायला चार महिने लागले होते, आणि माझे पाव्हणे तर सगळे याच तालुक्यातले. परतताना बिजू सरांना हे सांगितलं, तर ते खुशच झाले.

"मतलब आप भी बाहर का आदमी!"

*

दुसरी खोली बघताक्षणी आवडली. दोन खिडक्या, नवा रंग. फक्त आत छतापर्यंत सोयाबीनची पोती!

"भाव वाढला की खाली करून देतो," मालक म्हणाले.

"कधी वाढंल?"

"ते म्या कसं सांगू? मागल्या सालापासून वाट बघून राहिलो."

त्या दिवसापासून बिजू सर रोज प्रार्थनेआधी मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघायला लागले. स्टाफमध्ये घरची शेती असलेले सहा जण आहेत, पण भाव पडला की सगळ्यात काळवंडलेला चेहरा गणिताच्या सरांचा! आठवड्यानं भाव जरा चढला. सर धावतच मालकाकडे गेले. "अब बेचो!"

मालकांनी समजूत घातली, "सर, चढून राहिलाय म्हणल्यावर आता कोन इकतंय?"

*

तिसऱ्या घरी नळाला आठ दिवसांनी पाणी. मालकांनी टाकी दाखवली, पिंपं दाखवली आणि सहज विचारलं, "तुमच्याकडं कसं हाय पान्याचं?"

सरांनी मोबाईलवर घरचे फोटो काढले. अंगणात विहीर, काठोकाठ भरलेली. घरामागं नदी. नदीपलीकडं आणखी पाणी. मालक बघतच राहिले. बायकोला हाक मारली, शेजाऱ्याला बोलावलं, सगळ्यांनी मिळून फोटो दोनदा बघितले.

मग मोबाईल परत देत मालकांनी हळूच मला विचारलं, "खरं सांगा सर, तिकडं काय करून पळून आले हे?"

*

चौथ्या घरच्या मावशींची एकच अट. "फॅमिली पायजे. आधी बायको दाखवा."

सरांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मावशींनी मोबाईल हातात घेऊन रीनाला चूल, न्हाणी, गोठा, व्यालेली म्हैस असं सगळं दाखवलं. मावशी मराठीत, रीना मल्याळममध्ये. अर्धा तास! दोघी हसत होत्या, मधेच मावशींनी डोळेही पुसले. मला वाटलं, झालं काम.

मावशींनी मोबाईल सरांना दिला. "पोरगी लई गुणाची हाय. एवढ्या चांगल्या लेकराला या घरात न्हाई ठेवायची मी. छत गळतंय!"

*

मग एका घरी सगळंच जमलं. पाणी, छत, बायको, सगळं. उठता उठता मालकांनी विचारलं, "खानं-पिनं?"

"मछली," बिजू सर म्हणाले. "रोज."

आता सेनगावात कोण काय खातं हे रविवारी दुकानापुढच्या गर्दीत दिसतंच. पण विचारलं तर म्हणायचं, 'कधीमधी, पाव्हणे आले तर.' असा रिवाज आहे. 'रोज' म्हणणारा माणूस मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आमचा चहा आतून आलाच नाही.

"रोज कशाला म्हणालात?" मी बाहेर येऊन डोक्याला हात लावला.

"मैं मैथ्स का टीचर," ते गंभीरपणे म्हणाले. "कम कैसे बताऊँ?"

*

चार दिवस उरले. आता फक्त आप्पांच्या घराची वरची खोली राहिली होती. आप्पा म्हणजे रिटायर्ड तलाठी, गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. मी सरांकडून दोन संध्याकाळी पाठांतर करून घेतलं. खोटं बोलायला शिकवत होतो, पण एका माणसाचा संसार कुवेतला निघाला होता!

आप्पांनी विचारलं. सर ताठ बसून म्हणाले, "हम शुद्ध शाकाहारी. अंडा भी नहीं."

आप्पांचा चेहरा खुलला. तेवढ्यात दारात तूर निवडत बसलेल्या काकू म्हणाल्या, "न्हाई जमायचं."

"काहून?" आप्पाच चकित झाले.

"न्हाई जमायचं म्हणलं ना." आणि किल्ली काकूंच्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी रीना स्वतःच येऊन उतरली. एकदा डोळ्यांनी बघते, मग कुवेतचं तिकीट काढते, म्हणाली. सरांचं तोंड बघवत नव्हतं. मी दोघांना घेऊन पुन्हा काकूंकडेच गेलो, हात जोडायला. आप्पा दर रविवारप्रमाणे औंढ्याला भजनाला गेले होते.

काकूंनी रीनाला जवळ बसवलं. पिशवीकडे बोट करून विचारलं, "माहेरून काय आणलंस गं?"

रीनाला आमचं पाठांतर कुठं माहीत! तिनं हसत पुडकं सोडलं. वाळवलेली मच्छी. ओसरीभर वास सुटला. बिजू सर भिंतीकडे बघायला लागले.

"काकू, ते औषधाचं..." मी सुरुवात केली.

काकूंनी हात वर करून मला गप्प केलं. पुडकं नाकाशी नेलं. एकदा गल्लीत डोकावून पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून रीनाच्या हातात ठेवली.

"वरच्या खिडक्या मळ्याकडं हायत, वास खाली येत न्हाई. रविवारी करत जाय, पोरी. आमचे हे सहाच्या जीपशिवाय येत न्हाईत."