तूतीचं गाणं

आमच्याकडे हिवाळ्यात तूती येते. चिमणीएवढं पाखरू. नराचं डोकं आणि छाती गुलाबी, मादी बिचारी साधी तपकिरी. भैरवगढला छापलेली कापडं वाळत घालतात ना, त्याच्या मागच्या ज्वारीच्या शेतात थवा उतरतो, दाणे फोडत बसतो आणि ऊन तापलं की गायब. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिचं भारी वेड. रविवारी लोक राम घाटावर जातात, हे दुर्बीण घेऊन शेताच्या बांधावर. आणि थर्मास धरून मागे मी!

"इथे ती नुसती चिवचिवते," हे म्हणायचे. "खरं गाणं पहाडावर, उन्हाळ्यात. मादी झुडपात घरटं करते, नर शेंड्यावर बसून गातो. पहिल्या वर्षीचा नर अजून तपकिरीच असतो, तरी गातो बघ. एकदा ऐकायचंय."

ऐकायचंय, ऐकायचंय! मी शाळेत शिकवत होते. उन्हाळ्याची सुट्टी माझ्या माहेरची, ग्वाल्हेरची. तिला कोणी हात लावायचा नाही. म्हणून ह्यांना दिवाळीत घेऊन गेले. मनालीच्या पुढे कुडकुडत पोचलो, तर गेस्ट हाउसवाला हसायलाच लागला. "वो तो नीचे चली गई साहब, आपके ही मुलुक में." घ्या! परत आलो तर भैरवगढला थवा हजर. हे पोट धरून हसले. मीही हसले, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ग्वाल्हेरला गेले. मग मुलीची बारावी, मग तिचं लग्न, मग घराचं काम. हे एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यातली एक सुट्टी मला आज कोणी परत द्या हो.

यंदा जूनमध्ये पहाडावर गेलो. तोवर ह्यांच्या कानांनी दगा दिला होता. बारीक, उंच आवाज तर गेलेच. मशीन लावतात, पण दाराची घंटीही कळत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तरी मला वाटत होतं, पहाडात शांतता असते, तिथे येईल ऐकू. महाकाळाला साकडंसुद्धा घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानगुलाबाच्या झुडपावर तो येऊन बसला. उन्हाळ्याच्या रंगात लालभडक, अगदी दहा हातांवर. गळा फुगवून गायला लागला. चारपाच सूर, स्वच्छ, पुन्हा पुन्हा तेच. ह्यांनी दुर्बीण खाली केली.

"गातोय का गं?"

"हो."

"कसा?"

मला रडूच फुटलं. जन्मभर वर्गात बडबड केली, पण हे सूर शब्दांत कसे सांगायचे? शेवटी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ते सूर शिट्टीत वाजवले, जमतील तसे. ह्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"हे तुझं झालं," म्हणाले. "छान आहे. पण तो कसा गातो?"